पासष्टी उलटली की लाडकी बहीण बंद आणि श्रावणबाळ अडलेलं. निवेदनात नेमकं काय मागावं?

चावडी६५

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातला ज्येष्ठ नागरिक संघ आमदार आणि पालकमंत्री दोघांनाही निवेदन देणार आहे, मसुदा माझ्याकडे आहे. जाणकारांनी मदत करावी.

अडचण अशी. ६५ पूर्ण झालेल्या बायकांचे लाडकी बहीणचे १,५०० रुपये बंद होतात. बहुतेकींचा समज असा की आता आपोआप श्रावणबाळ, म्हणजे गरीब वृद्धांचं मासिक मानधन, सुरू होईल. ते होत नाही. अर्ज करायला गेलं की २१,००० रुपयांच्या आतला उत्पन्नाचा दाखला मागतात. कालपर्यंत अडीच लाखांच्या मर्यादेत बसणारी बाई वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी श्रीमंत कशी ठरते? दाखला मिळाला तरी अर्ज मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या संजय गांधी निराधार योजना समितीची बैठक कित्येक महिने नसते.

संघात दोन मतं आहेत. काही म्हणतात निवडणुकीत कबूल केलेले २,१०० मागा. काही म्हणतात रक्कम राहू द्या, आधी २१,००० ची अट काढा. दोन्ही लिहिलं तर निवेदन पातळ होतं. पहिली मागणी कोणती असावी? आणि तोवर ज्या बाया ६५ च्या उंबरठ्यावर आहेत त्यांनी काय करावं?

अव्वलकारकून

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे.

आपोआप काहीच होत नाही. लाडकी बहीण महिला व बालविकास विभागाची, श्रावणबाळ सामाजिक न्याय विभागाची. एका विभागातून नाव गळालं की दुसऱ्यात चढवणारी कुठलीही यंत्रणा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनंच सांगितलं होतं की अपात्र ठरलेल्या ५ लाख बायकांपैकी १ लाख १० हजार जणी वयाची ६५ ओलांडलेल्या होत्या. त्यांची यादी सरकारच्या हातात होती. ती गावागावांत पाठवून श्रावणबाळचे अर्ज भरून घेता आले असते.

अर्ज तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत जातो. सेतू केंद्रातून भरला तरी शेवटी तिथेच येतो. कागद असे: वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, आधार, शिधापत्रिका, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा उतारा. यादीत नाव असलेले गट ‘अ’ मध्ये, नसलेले पण २१,००० च्या आतले गट ‘ब’ मध्ये. पैसे दोघांना सारखेच, महिना १,५००.

वयाचा पुरावा हीच पहिली ठेच. शाळेत न गेलेल्या बाईच्या आधारवर बहुधा १ जानेवारी ही तारीख असते, मतदार ओळखपत्रावर वेगळंच वय. दोन कागदांत दोन-तीन वर्षांचा फरक असला की शाखा अर्ज बाजूला ठेवते. शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला घ्या. पण अर्ज करण्याआधी आधारवरची तारीख त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईत चुकीची तारीख टाकून घेऊ नका.

लाभ मंजुरीपासून धरतात, ६५ पूर्ण झाल्या दिवसापासून नाही. मधल्या महिन्यांचा फरक कुणी देत नाही. म्हणून ६४ व्या वर्षीच रहिवासी दाखला आणि वयाचा पुरावा तयार ठेवा, वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज नाही असंच समजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बाई विधवा किंवा निराधार असेल आणि ६५ च्या आतली असेल तर तिनं आधीच संजय गांधी योजनेत असायला हवं होतं. तिथली रक्कमही १,५०० च आहे आणि ६५ नंतर श्रावणबाळात वर्ग होणं नव्या अर्जापेक्षा सोपं. अनेक जणींनी २०२४ मध्ये लाडकी बहीण सोपी म्हणून ती धरली आणि संजय गांधीचा नाद सोडला. आता त्या दोन्हीकडून बाहेर आहेत.

हिशेबवही

पहिली मागणी मर्यादेचीच हवी. का ते आकड्यांत सांगतो.

२१,००० म्हणजे महिना १,७५०. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये. ६७ दिवस काम केलं तर २०,९०४ होतात. ६८ व्या दिवशी माणूस मर्यादेबाहेर. म्हणजे त्या वर्षी कायद्यानं हमी दिलेले १०० दिवस पूर्ण भरलेलं म्हातारं जोडपं श्रावणबाळसाठी ‘सधन’.

आता हेच सरकार गरीब कुणाला म्हणतं ते बघा. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,०००, शहरात ५९,०००. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, म्हणजे चष्मा, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यासाठी एकदाच मिळणाऱ्या ३,००० रुपयांना, २ लाख. तीर्थदर्शन योजनेत माणशी ३०,००० पर्यंत खर्च सरकार करतं, तिथे अडीच लाख. लाडकी बहीण अडीच लाख, तेही पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच मागितला नाही. आणि ज्या पैशावर म्हाताऱ्या माणसाची रोजची भाकरी आहे तिथे २१,०००. यात्रेला नेण्याइतका गरीब आहे, जेवू घालण्याइतका नाही!

बरं, या अटीनं पैसे वाचतात म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. २१,००० च्या आत खरोखर कुणी जगत नाही हे तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही लाखो दाखले त्या आकड्याखाली निघतात. म्हणजे अट पाळली जात नाही, ती वाकवली जाते. कुणासाठी वाकवायची हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात गाव. मर्यादा ५०,००० केली तर बहुतेक म्हातारे हक्कानं पात्र होतील आणि ‘मी तुमचं काम करून दिलं’ म्हणणाऱ्याची गरज उरणार नाही. माझ्या मते हा आकडा जागचा न हलण्याचं मोठं कारण तिजोरी नाही, हे आहे.

उंबरठा

हिशेबवही, तुमचं गणित मान्य, राजकारण मान्य नाही.

मर्यादा वाढवा ही मागणी कुणाच्या तोंडी बसत नाही. २,१०० बसते. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात महायुतीच्या दहा वचनांत वृद्धांचं मानधन १,५०० वरून २,१०० करू हे स्पष्ट होतं, लाडक्या बहिणीच्या २,१०० च्या सोबतच. ज्याचा शब्द लेखी आहे त्याला त्याच शब्दावर धरायचं असतं. २०२५ मध्ये दिव्यांगांचे १,५०० चे २,५०० झाले, कारण त्यांच्या संघटना एकाच आकड्यावर रस्त्यावर होत्या आणि बच्चू कडूंनी त्यासाठी उपोषण केलं होतं. वृद्धांचा आकडा तेव्हा १,५०० वरच राहिला.

आंध्रात बघा. चंद्राबाबूंनी निवडणुकीत ३,००० चे ४,००० करू म्हटलं, तेही एप्रिलपासून. १ जुलै २०२४ ला लोकांच्या दारात जाऊन ७,००० रुपये दिले: ४,००० त्या महिन्याचे आणि तीन महिन्यांचा हजार-हजार फरक. तिथे साठीपासून पेन्शन आहे आणि वाटप महिन्याच्या पहिल्या तारखेला. सगळ्यांना एकाच दिवशी मिळतं म्हणून उशीर झाला की एकाच दिवशी ओरड होते. आपल्याकडे कुणाचे ५ तारखेला, कुणाचे २० ला, कुणाचे दोन महिन्यांचे एकदम. ओरड फुटून जाते. रक्कम आणि तारीख, या दोन गोष्टी मागा. मर्यादा तिसरी.

अव्वलकारकून

तारखेचा मुद्दा बरोबर, पण तारखा का फुटतात ते बघा. श्रावणबाळ आणि संजय गांधीचा निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना अशा वेगळ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या वेगळ्या खात्यांखाली, येतो. एका शीर्षाचा निधी सुटला आणि दुसऱ्याचा अडला की एकाच गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना वेगळ्या महिन्यात पैसे मिळतात. त्यातून ‘त्यांना आधी दिलं’ अशी कुजबुज सुरू होते. तहसीलदाराच्या हातात त्यात काहीच नसतं. २०२५ च्या मे महिन्यात लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी ७० लाख वळवल्यावर खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. म्हणून ‘वेळेवर द्या’ असं मोघम लिहू नका. ‘तिन्ही लेखाशीर्षांचा निधी एकाच दिवशी वितरित करावा’ असं लिहा. कारकुनाला कळेल अशी मागणी असली की तिचं टिपण होतं, नाहीतर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा पडून फाईल बंद.

आता समिती. संजय गांधी योजना १९८० ची, अंतुल्यांच्या काळातली. तालुका समितीचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्री नेमतात. तहसीलदार सदस्य सचिव. सरकार बदललं की समित्या बरखास्त, मग नव्या नेमणुकांसाठी मित्रपक्षांत ओढाताण. अध्यक्षपद ही तालुक्यातल्या कार्यकर्त्याला देता येणारी मोजक्या खुर्च्यांपैकी एक आहे, त्यामुळे ती रिकामी राहिली तरी दुसऱ्याला जाऊ नये असा हिशेब असतो. दरम्यान अर्ज पडून. समिती अस्तित्वात नसेल तर अधिकारी पातळीवर मंजुरी देता येते, पण बरेच तहसीलदार ती जोखीम घेत नाहीत. नवे अध्यक्ष आल्यावर जुन्या मंजुऱ्यांची छाननी होते हे त्यांना माहीत असतं.

२०२४ च्या अखेरीपासून पैसे डीबीटीनं थेट खात्यात जायला लागल्यापासून अध्यक्षांचा वाटपावरचा हात सुटला. मंजुरीवरचा सुटलेला नाही.

निवेदनाआधी एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तहसीलच्या जन माहिती अधिकाऱ्याला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, म्हणून एवढंच विचारा: गेल्या १२ महिन्यांत समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, प्रत्येक बैठकीत किती अर्ज ठेवले, किती मंजूर, किती नामंजूर, आज किती प्रलंबित. इतिवृत्तांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो तक्ता निवेदनाला जोडला की आमदारांना भाषण देऊन सुटता येत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून थोडं. आमच्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, ६० पासून, महिना २,०००. २०१२ पासून ज्येष्ठांचा आकडा तोच आहे. दर निवडणुकीत वाढीची चर्चा होते. रक्कम वाढवून घेणं सोपं आणि नंतर ती कुजणंही सोपं, हे त्यातून दिसतं. २०१२ चे दोन हजार आणि आजचे दोन हजार यांत बाजाराची एक पिशवी कमी भरते. तेव्हा २,१०० मागताना दरवर्षी वाढीचं कलम मागा. राजस्थाननं २०२३ च्या किमान उत्पन्न हमी कायद्यात पेन्शनला वर्षाला १५ टक्के वाढ लिहून ठेवली, ५ टक्के जुलैत, १० टक्के जानेवारीत. कायद्यात असलं की मंत्र्याच्या मर्जीवर राहत नाही.

चावडी६५

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. पुरुषांचं काय? ६० ते ६५ मधल्या पुरुषाला काहीच नाही. आणि मंजुरी मिळूनही पैसे न आलेल्यांची यादी आमच्याकडे मोठी आहे.

सेतूवाला

मंजुरी आहे, पैसे नाहीत, याची कारणं बहुधा तीनच.

पहिलं आणि सगळ्यात मोठं: खातं आधारला ‘लिंक’ आहे, पण डीबीटीसाठी मॅप केलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली की केवायसी होतं. सरकारी पैसे कुठल्या खात्यात पडायचे हे एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीवर ठरतं आणि तिथे एका आधारला एकच बँक असते, शेवटची मॅप केलेली. बाईनं मध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून पोस्टात किंवा पेमेंट बँकेत नवं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जमा होत राहतात आणि ती जिल्हा बँकेत पासबुक भरून घेत बसते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, मोबाईलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव दिसतं. आधी ते बघायचं, मग तहसीलला जायचं. उलट केलं तर दोन चकरा फुकट.

दुसरं: नावातला फरक. आधारवर ‘बाई’ आहे, पासबुकात नाही, अर्जात माहेरचं नाव. आधार प्रमाण धरून बाकी सगळं त्याप्रमाणे करून घ्या.

तिसरं: हयातीची पडताळणी राहिली. वर्षातून एकदा लागते. सरकारी निवृत्तांचं जीवन प्रमाणपत्र वेगळं, त्यात गल्लत करू नका. बोटाचे ठसे झिजलेले असतील तर चेहरा ओळखून पडताळणी होते. उजेड समोरून हवा आणि चष्मा काढायचा, नाहीतर वारंवार नाकारतं. पडताळणी राहिली म्हणून नाव थांबलं असेल तर नवा अर्ज करू नका, जुनंच सुरू करून घ्या. दोन अर्ज दिसले की दोन्ही अडकतात.

हिशेबवही

पुरुषांचं उत्तर वयाच्या घोळात आहे. राज्याच्या २०१८ च्या धोरणात ज्येष्ठ नागरिक ६० चा. एसटीत अर्धं तिकीट ६५ ला, मोफत ७५ ला. आयुष्मान वय वंदना कार्ड ७० ला. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचं वय केंद्रानं २०११ मध्ये ६५ वरून ६० केलं, आपल्याकडे श्रावणबाळ ६५ लाच सुरू होतं. लाडकी बहीणमुळे बायकांची ६० ते ६५ ची पोकळी २०२४ पासून थोडी झाकली गेली, पुरुषांची उघडीच. ‘दारिद्र्यरेषेखालच्यांना तरी केंद्राच्या वयाप्रमाणे ६० पासून’ ही मागणी रास्त आहे, पण ती चौथ्या क्रमांकावर ठेवा.

उंबरठा यांच्या मुद्द्याकडे येतो. २,१०० मागू नका असं मी म्हणत नाही. ते मागताना एक पळवाट बंद करायला हवी, जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. गट ‘अ’ च्या १,५०० मध्ये केंद्राचे, म्हणजे वरच्या इंदिरा गांधी निवृत्तिवेतनाचे, २०० असतात, राज्याचे १,३००. वय ८० झालं की केंद्राचा हिस्सा ५०० होतो. म्हाताऱ्याला ३०० जास्त मिळायला हवेत ना? मिळत नाहीत. राज्य आपला हिस्सा १,००० वर आणतं, बेरीज तीच १,५००. केंद्रानं ऐंशीच्या पुढच्यांसाठी दिलेले जादा पैसे राज्याच्या तिजोरीत वाचतात. उद्या केंद्रानं २०० चे ५०० केले, तरी हेच होणार.

केंद्राचं म्हणाल तर ते २०० रुपये २००७ च्या आधीपासूनचे आहेत. १९९५ मध्ये योजना ७५ रुपयांवर सुरू झाली, मग २०० झाले, २०११ मध्ये ऐंशीच्या वरच्यांना ५००, आणि तिथेच थांबलं. सगळ्या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची तरतूद २०२४-२५ ला ९,६५२ कोटी होती, २०२५-२६ लाही ९,६५२ कोटी. संसदेची ग्रामविकास स्थायी समिती वाढ करा म्हणून वर्षानुवर्षं लिहिते आहे, त्यात सर्व पक्षांचे खासदार असतात, तरी आकडा हलत नाही. याचं कारण सरळ आहे. राज्यं वरून स्वतःची भर घालून योजनेला स्वतःचं नाव देतात, श्रेय मुख्यमंत्र्याला जातं. मग दिल्लीनं आपल्या पैशानं दुसऱ्याचं नाव का मोठं करावं? तुमच्या निवेदनाची एक प्रत खासदारांनाही द्या ती यासाठी.

उंबरठा

हे ८० चं मला माहीत नव्हतं. मग क्रम बदलायला माझी हरकत नाही. पण मर्यादा किती मागायची? अडीच लाख म्हणाल तर वित्त विभाग एका ओळीत फेटाळेल. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीणला ३६,००० कोटी ठेवावे लागले, तेही पडताळणीची कात्री हातात घेऊन.

हिशेबवही

अडीच लाख मागूच नका. रेशनचीच मर्यादा मागा, ग्रामीण ४४,०००, शहरी ५९,०००. हे आकडे सरकारनं स्वतः मान्य केलेले आहेत, त्यांची यादी तयार आहे, कार्डावर शिक्का आहे. म्हणजे वेगळा उत्पन्नाचा दाखला नको आणि तलाठ्याचा शेराही नको. वित्त विभागाला लाभार्थी वाढतील याची भीती वाटेल, तर प्राप्तिकर भरणारे आणि सरकारी निवृत्तिवेतन घेणारे वगळा असं तुम्हीच लिहून द्या. लाडकी बहीणच्या निकषांत हे आहेच.

चावडी६५, मसुदा असा करून बघा, एका पानात:

‘प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीस श्रावणबाळ योजनेत स्वतंत्र उत्पन्न दाखल्याशिवाय पात्र धरावे. लाडकी बहीण योजनेतून वयामुळे वगळलेल्या महिलांची यादी दरमहा तहसीलदारांकडे पाठवून त्यांचे अर्ज शासनानेच भरून घ्यावेत आणि लाभ वगळल्याच्या पुढील महिन्यापासून द्यावा. समितीची बैठक दोन महिन्यांत न झाल्यास तहसीलदारांनी मंजुरी द्यावी. वयाच्या ८० नंतर केंद्राच्या हिश्श्यात होणारी वाढ राज्याच्या हिश्श्यातून वजा करू नये. मानधन २,१०० करावे व त्यात दरवर्षी ठरावीक वाढ असावी.’

अव्वलकारकून

मसुदा चांगला आहे. ‘दोन महिन्यांत’ ऐवजी ‘अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत’ लिहा. बैठकीपासून मोजायला लागलात तर बैठकच झाली नाही म्हणतील. आणि मूळ प्रत सामाजिक न्याय विभागाच्या सचिवांच्या नावे करा, आमदार आणि पालकमंत्री प्रतिलिपीत. आमदारांच्या पत्रासह ती मंत्रालयाच्या टपाल शाखेत दिली की आवक क्रमांक पडतो. त्या क्रमांकावर पुढे माहिती अधिकारात ‘काय कार्यवाही झाली’ विचारता येतं. नुसतं आमदारांच्या हातात देऊन फोटो काढला तर विचारायला क्रमांकच नसतो.